फायनल रविवारी, पासपोर्ट सोमवारी

तुमची पोस्ट दोनदा वाचली. लेक बारा वर्षांची, क्लबकडून खेळते, २०२६च्या सप्टेंबरात तिला आशियाई स्पर्धेतलं महिला क्रिकेट बघायला जपानमधल्या नागोयाला न्यायचंय. उद्घाटन १९ला, म्हणून २०ला पोहोचायचं. विमानाचं तिकीट आत्ता स्वस्त दिसतंय ते घेऊन टाकायचं, आणि व्हिसाचं ऑगस्टमध्ये बघू, कारण एजंट म्हणतो आठवड्यात होतो. हे शेवटचं वाचलं आणि पोटात गोळा आला. 'होतो' हा शब्द आम्हाला दीड लाखाला पडलाय.

हॉटेल, सिमकार्ड, खाण्यापिण्याचं कसं, ते इथे बाकीचे सांगतीलच. मी फक्त माझं रडगाणं गाते, त्यातलं उपयोगी वाटेल तेवढं घ्या.

मे २०२२ मध्ये गहुंजेच्या स्टेडियमवर महिला टी-ट्वेंटी चॅलेंजच्या मॅचेस होत्या. २६ तारखेला आम्ही मायलेकी गेलो होतो आणि त्या रात्री सोलापूरकडच्या किरण नवगिरेने ३४ चेंडूंत ६९ ठोकले. आमची लेक तेव्हा तेरा वर्षांची, विकेटकीपिंग करायची. परतताना बायपासला गाड्या तुंबल्या होत्या, तिथेच तिने विषय काढला, "आई, बर्मिंगहॅमला जाऊ या?" त्या वर्षीची राष्ट्रकुल स्पर्धा तिथे होती. या स्पर्धेत त्याआधी क्रिकेट एकदाच झालं होतं, १९९८ला क्वालालंपूरला, आणि तेही पुरुषांचं. मुलींचं पहिल्यांदाच होणार होतं. घरी पोचेपर्यंत मी हो म्हणून बसले होते.

आमच्या दिरांनी "बायकांची मॅच बघायला एवढ्या लांब?" असं विचारलं. पुण्यातल्या माणसाने हे विचारावं! महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ला पुण्यातच झाली, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ घेऊन. असो. २०२५चा महिला विश्वचषक आपण नेरूळला जिंकल्यावर हेच दीर फॅमिली ग्रुपवर सगळ्यात आधी तिरंगा टाकून मोकळे.

तर, आमचा क्रम तुमच्यासारखाच होता. आधी मॅचची तिकिटं काढली: ३१ जुलैची भारत-पाकिस्तान आणि ७ ऑगस्टची फायनल. मग विमान, २९ जुलैच्या रात्रीचं मुंबईहून, परतावा न मिळणारं, कारण ते स्वस्त होतं. व्हिसा सगळ्यात शेवटी. मध्यवस्तीतल्या एका व्हिसा एजंटच्या ऑफिसात गेलो, नाव घेत नाही. काउंटरवरचा मुलगा फाइल उघडायच्या आतच म्हणाला, "पंधरा दिवस मॅडम, रिलॅक्स." मी झाले रिलॅक्स. तीच चूक.

त्या वर्षी ब्रिटनने युक्रेनमधून येणाऱ्यांच्या अर्जांना प्राधान्य दिलं होतं. पर्यटक व्हिसाला एरवी कामाचे पंधरा दिवस लागायचे, तिथे सहा आठवडे लागत होते, आणि जादा पैसे भरून लवकर मिळवायची सोयही बंद होती. हे काही गुपित नव्हतं, त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही कारण 'एजंटला माहीत असणार'. एजंटने वाचलं नाही कारण... ते त्यालाच ठाऊक.

पण खरा घात पुढेच आहे. आमची अपॉइंटमेंट १५ जूनची होती. नवरा येणार नव्हता, म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की मुलीसाठी वडिलांचं संमतिपत्र लागेल का. "आई सोबत आहे ना, मग कशाला?" हे उत्तर. आणि १४ तारखेला संध्याकाळी साडेसहाला त्यांचा फोन, की संमतिपत्राशिवाय फाइल पुढे पाठवणार नाही, साहेबांची सही पाहिजे, त्यांच्या पासपोर्टची प्रत पाहिजे. साहेब कामासाठी चेन्नईला! मी म्हटलं, स्कॅन करून मागवते रात्रीत. नाही, मूळ सहीच हवी. अपॉइंटमेंट त्यांनी परस्पर पुढे ढकलली, नवीन तारीख २४ जून. "नऊ दिवसांनी काय फरक पडतो मॅडम?"

मी नंतर कॅलेंडर घेऊन बसले होते. १५ जूनला पासपोर्ट दिले असते तर सहा आठवड्यांच्या हिशोबाने २७ जुलैला निर्णय झाला असता, २८ला पासपोर्ट हातात आणि २९ला विमानात. २४ जूनला दिले म्हणून निर्णय झाला ५ ऑगस्टला. मधल्या काळात ऑफिसात फोन केला की एकच वाक्य, "प्रोसेसमध्ये आहे." जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी जाऊन उभी राहिले तर म्हणे, अर्ज मागे घ्या, पासपोर्ट परत मिळतील. म्हणजे फीही गेली आणि व्हिसाही नाही. त्यांची स्वतःची सर्व्हिसची रक्कम मात्र परत करण्याजोगी नव्हती, ते पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतं.

३१ जुलैच्या रविवारी आम्ही सिंहगड रोडला सोफ्यावर होतो आणि बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानाची तिकिटं माझ्या मोबाइलमध्ये. पावसाने मॅच १८ षटकांची झाली, पाकिस्तान ९९ला गुंडाळलं, आणि सांगलीच्या स्मृती मानधनाने नाबाद ६३ करून बारा षटकांच्या आतच संपवली. लेक अख्खी मॅच माझ्याशी बोलली नाही. ६ ऑगस्टच्या सेमीफायनलला इंग्लंडला चार धावांनी हरवलं तेव्हा तर ती उठून आत निघून गेली. जिंकल्यावर! ऑस्ट्रेलियाविरुद्धची फायनल तुम्हाला आठवत असेल: १६२ हवे होते, २ बाद ११८ वरून सगळ्या बाद १५२, नऊ धावांनी हरलो. कर्णधार हरमनप्रीतचे ६५ वाया गेले. रात्री उशिरा टीव्ही बंद करताना मला मनात कुठेतरी बरं वाटलं की हे समोर बसून बघावं लागलं नाही, आणि त्याची लाजही वाटली.

फायनल रविवारी होती. पासपोर्ट सोमवारी आले. आत सहा महिन्यांचा व्हिसा, छान चिकटवलेला. विमान कंपनीने कर म्हणून कापलेले तेवढे परत दिले, बाकी गेले.

आता तुमचं. (मी व्हिसातज्ज्ञ नाही, जपानचे नियम ब्रिटनचे नाहीत, शेवटचा शब्द वकिलातीच्या संकेतस्थळाचा, माझा नाही आणि तुमच्या एजंटचा तर नाहीच.)

क्रम उलटा करा. आधी व्हिसाचा अर्ज कधीपासून घेतात ते स्वतः वाचा, मग विमान, आणि विमान थोडं महाग पडलं तरी तारीख बदलता येणारंच घ्या. दोन-चार हजार वाचवायची जागा ही नाही. संमतिपत्र लागो न लागो, दोघांच्या सह्यांचं आजच करून ठेवा, मूळ सहीच्या तीन प्रती. एजंट ठेवायचाच असेल तर तो जे तोंडी सांगतो ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. लिहायची वेळ आली की 'आठवड्यात' चे 'साधारण दोन-तीन आठवडे' होतात, बघा करून.

दुसरं, उद्घाटनाच्या तारखेवर जाऊ नका. या मोठ्या स्पर्धांत काही खेळ उद्घाटनाआधीच सुरू होतात, हे माझ्या लक्षात चीनमधल्या हांगचौच्या आशियाई स्पर्धेच्या वेळी आलं. तिथे २०२३ला उद्घाटन २३ सप्टेंबरला होतं आणि महिला क्रिकेट १९लाच सुरू झालं, २५ला फायनल होऊन संपलंसुद्धा. पुरुषांचं क्रिकेट त्यानंतर. उद्घाटन बघून मग दोन-तीन दिवस शहर फिरू म्हणणाऱ्याला मुलींचा एकही चेंडू दिसला नसता. तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत आधी महिलांची फायनल शोधा आणि तिथून मागे दिवस मोजत या.

आणि मॅचेस थोड्याच मिळतील हे लेकीला आत्ताच सांगा. हांगचौला भारत क्रमवारीमुळे थेट क्वार्टरफायनलला, म्हणजे एकूण तीन मॅचेस. पहिलीत शेफालीने ६७ केले, पण मलेशियाचे दोन चेंडू झाले आणि पावसाने मॅच धुतली. सेमीत बांगलादेश ५१ ऑल आउट, बसायच्या आत संपली. हरमनवर दोन मॅचची बंदी होती, ती फायनललाच आली. खरी मॅच एकच, फायनल: भारताने ११६ केले आणि तितास साधूने चार षटकांत सहा धावा देऊन तीन विकेट घेतल्या, श्रीलंका ९७. त्या भारतीय संघात आपल्या पुण्याची देविका वैद्यही होती, हे मात्र लेकीला जरूर सांगा. एकच दिवस परवडणार असेल तर फायनलचा घ्या. भारत फायनलला पोचला नाही तर? हा धोका आहेच, पण मला सेमीपेक्षा फायनलच बरी वाटते. यावर वाद घालायला इथे बरेच जण येतील, येऊ देत.

नागोयाऐवजी दुसरी स्पर्धा बघू म्हणाल तर २०२६च्या ग्लासगो राष्ट्रकुलमध्ये क्रिकेटच नाही. २०२८ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकला आहे, पण संघ सहाच, आणि अमेरिकेच्या व्हिसाचं मी या धाग्यावर बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

गणपतीचंही धरा. २०२६ला चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी २५ला, म्हणजे स्पर्धा ऐन गणपतीत. घरी दहा दिवसांचा असेल तर आरतीला कोण थांबणार ते आधी ठरवा. विमान मुंबईहून असेल आणि निघायचा दिवस विसर्जनाचा असेल तर सरळ आदल्या दिवशी पोचून विमानतळाजवळ मुक्काम करा.

आणि एक, जे तुम्ही लिहिलेलं नाही. मुलीचा पासपोर्ट कधी काढलाय? लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो. सात वर्षांची असताना काढला असेल तर तो याच वर्षी संपतोय. आज रात्री कपाटातून काढून शेवटची तारीख बघा आणि इथे सांगा.