जूनमधला स्कार्फ

"मॅडम, घरी सांगू की नको, एवढंच सांगा." मी समुपदेशन करते, आणि परदेशात राहणारी मुलंमुली हे मला नेहमी विचारतात. कधी आजोबांचं घड्याळ हरवलेलं असतं, कधी आईची अंगठी. त्यातलीच ही एक केस, ओळख पटू नये इतके तपशील बदलून.

ती म्युनिकला राहते, लग्नाला दीड वर्ष झालंय. ऑफिसात मंगळसूत्र काढून डबीत, डबी पर्समध्ये. मे महिन्यात एका संध्याकाळी मेट्रोने घरी आली, पर्स उघडली तर डबी नाही. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, नवीन घेऊ." बिचारा चांगल्या मनाने बोलला, पण ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. एक वाटी माहेरची, एक सासरची. दुकानातून कोणती आणणार?

आपल्याकडे मंगळसूत्र तुटलं तरी 'तुटलं' म्हणत नाहीत, 'वाढवलं' म्हणतात. हरवण्याला असा आडोशाचा शब्दच नाही. मग तिने व्हिडिओ कॉलला स्कार्फ गुंडाळायला सुरुवात केली. जूनमध्ये सासूबाईंनी विचारलं, "अगं, तिकडे अजून थंडी आहे का?" ही म्हणाली, "हो." खोलीत पंखा चालू होता.

पहिल्या सेशनला ती अपशकुनाबद्दलच बोलत राहिली. नवऱ्याला यायला दहा मिनिटं उशीर झाला की पोटात गोळा. 'असं काही नसतं' हे मी म्हटलं नाही. तिने मान डोलावली असती आणि भीती जिथल्या तिथे राहिली असती. विचारलं, "नोंद केलीस?" जर्मनीत हरवल्या-सापडल्या वस्तूंसाठी 'फुंडब्यूरो' नावाची सरकारी कचेरी असते. 10 युरोंहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि कळवल्यापासून 6 महिने मूळ मालकाचा हक्क कायम असतो.

ती जाऊन आली होती म्हणे. वजन किती, फोटो आहे का, असं विचारल्यावर "सोनं आणि काळे मणी" एवढंच सांगून परतली. वजन पावतीवर, आणि पावती साताऱ्याला, सासूबाईंच्या कपाटात. हे सांगता सांगता ती स्वतःच थांबली.

मग आम्ही सासूबाईंना करायच्या फोनची तालीम केली. तिची सुरुवात, "आई, रागावू नका हं, एक सांगायचंय..." मी तिथेच अडवलं. परदेशातून असा फोन आला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी अपघात उभा राहतो. शेवटी ठरलं ते असं: "आई, आम्ही दोघं बरे आहोत. माझं मंगळसूत्र हरवलंय, पाच आठवडे झाले. मला पावती हवी आहे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "पाच आठवडे?" आणि फोन कट. त्या रात्री तिने मला मेसेज केला, 'तुमचं ऐकून चूक केली.' खरं सांगते, मलाही झोप लागली नाही.

सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पावतीचा फोटो आला, घडीवर हळदीचा डाग असलेला. पाठोपाठ लग्नाच्या अल्बममधले गळ्याचे दोन फोटो, एकात सासूबाईंचा अंगठाही आलेला. सोबत शब्द एकही नाही.

तिने नव्याने नोंद केली. मंगळसूत्र अजून मिळालेलं नाही. सासूबाई दर रविवारी विचारतात, "त्या फुंडवाल्यांचा फोन?"