ओझर तीन, मग ओझरकर कुठले?

प्रश्न : आमचं आडनाव ओझरकर, जातीने सोनार. नाशकात आमच्या माहितीत या आडनावाची दोनच घरं, एक आमचं आणि एक चुलत दिरांचं. सासरे म्हणतात, ओझर म्हणजे दहाव्या मैलापुढचं, मिग विमानांच्या कारखान्याचं ओझर. तिथे चंपाषष्ठीला खंडोबाची यात्रा भरते आणि आमचं कुलदैवतही खंडोबाच. मोठ्या दिरांच्या मते ओझर म्हणजे जुन्नरकडचं, अष्टविनायकातलं. दरवर्षी ते तिथे जाऊन येतात. आजेसासरे संगमनेरहून नाशिकला सराफ बाजारात कारागिरीला आले, एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे. मध्यंतरी घरातल्या पेटीत एक मोडी कागद निघाला. वाचून घेतला तर शके १७८५, ‘वस्ती मौजे ओझर, जिल्हे नगर’ असं निघालं. माणसाचं नाव आमच्या वंशावळीतल्या सगळ्यात वरच्या नावाशी जुळतं, पण पुढे ओझरकर नाही, ‘पोतदार’ आहे. मग हा माणूस आमचा की दुसराच कुणी?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, तो माणूस तुमचा असण्याचीच शक्यता जास्त. कागदावर पोतदार आहे हे उलट तुमच्या बाजूचं आहे. तिथे ओझरकर लिहिलेलं असतं तर मीच जरा सावध झालो असतो.

ओझरात राहणाऱ्याला ओझरकर कोण म्हणणार? तिथे सगळेच ओझरचे. माणूस गाव सोडून दुसरीकडे बिऱ्हाड करतो तेव्हा नव्या गावचे लोक विचारतात, कुठला रे तू? आणि मग तो ओझरकर होतो. नाव मिळतं ते पोचलेल्या गावात, सुटलेल्या गावाचं. म्हणून ‘कर’वाली मंडळी हौसेने मूळ गावी जातात आणि तिथे आपल्या आडनावाचं एकही घर नाही म्हणून हिरमुसून परततात. भूमी अभिलेख खात्यात नोकरी केल्यामुळे अशी हिरमुसलेली मंडळी माझ्या टेबलासमोर पुष्कळ बसून गेली आहेत.

पोतदार हे तेव्हा आडनावापेक्षा काम होतं. वसुलात येणारं नाणं खरं की खोटं, कसाचं की हिणकस, हे पारखून द्यायचं. गावोगाव ते सोनाराकडेच असे. जुन्या कागदांत ‘अमुक बिन तमुक सोनार’ किंवा ‘पोतदार’ एवढ्यावर भागायचं. तेव्हा १८६३ साली (शके १७८५ म्हणजे तेच) तुमचा पूर्वज ओझरातच राहत होता, आणि घराणं ओझरकर झालं ते त्यानंतर, गाव सोडल्यावर. आडनाव पक्कं होण्याचा काळही साधारण तोच. शाळेचा दाखला, कोर्टातला दावा, जन्ममृत्यूची नोंद, सगळीकडे एक ठरलेलं आडनाव लागू लागलं आणि लोकांनी जे तोंडात होतं ते सांगून टाकलं.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब. घराणं सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील लष्करात, मुलाचा जन्म महूच्या छावणीत, शाळा साताऱ्याला. गावाचं नाव घराण्याला चिकटलं ते गावापासून इतक्या लांब.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यातला. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव हे मूळचे दाणी. विंचूर त्यांच्याकडे जहागिरीत आलं आणि ते विंचूरकर झाले. म्हणजे सरदारांचा ‘कर’ गाव मिळाल्याचा असतो आणि तुमचा-माझा गाव सुटल्याचा. काळाराम मंदिर बांधणारे सरदार ओढेकर, त्यांच्या नावातलं ओढाही नाशिकच्या पूर्वेचं, जिथे पॅसेंजर थांबते ते. विंचूरकर आडनावाचा कुणी भेटला की लोक त्याला लगेच सरदारांचा वंशज करून टाकतात. विंचुरातून पोटासाठी बाहेर पडलेला साधा कारागीरही विंचूरकरच होतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

आता ओझर कुठलं ते पाहू. तुमच्या घरात दोन ओझरांवरून वाद आहे, पण ओझरं निदान तीन तरी आहेत. निफाड तालुक्यातलं बाणगंगेकाठचं. जुन्नर तालुक्यातलं कुकडीकाठचं, विघ्नहराचं. आणि तिसरं, ज्याचं नाव पत्रात कुणीच घेतलेलं नाही, ते संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं, जिथे ओझरचा बंधारा आहे. आजेसासरे संगमनेरहून आले हे सगळ्यांना मान्य असताना संगमनेरजवळचं ओझर कुणाच्या डोक्यात येऊ नये, याची मला गंमत वाटली. मिगच्या ओझराचा दबदबा मोठा, अष्टविनायकाचा त्याहून मोठा, बिचाऱ्या बंधाऱ्याला कोण विचारतो! आणि तो विमानाचा कारखाना १९६४ चा. ‘आम्ही ओझर मिगचे’ हे वाक्य तुमच्या आडनावापेक्षा पुष्कळ लहान आहे.

तुमचा कागद जुन्नरला बाद करतो, कारण जुन्नर पुणे जिल्ह्यात. मोठ्या दिरांना हे जरा जपून सांगा. विघ्नहराच्या दर्शनाला अवघा महाराष्ट्र जातो. यात्रेला जाणं हा मूळ गावाचा पुरावा होत नाही.

पण ‘जिल्हे नगर’ दिसलं म्हणून लगेच संगमनेर धरून चालू नका. इथे भले भले फसतात. स्वतंत्र नाशिक जिल्हा झाला १८६९ साली. त्याआधी नाशिककडचा बराच मुलूख नगर जिल्ह्यात मोडायचा आणि उत्तरेकडचा खानदेशात. तुमचा कागद १८६३ चा. त्या साली नाशिकजवळच्या ओझरचा माणूसही ‘जिल्हे नगर’ लिहू शकतो. हाच कागद शके १८०० चा असता तर एका ओळीत निकाल लागला असता. तेव्हा कागद पुन्हा वाचून घ्या आणि ‘जिल्हे नगर’च्या मागेपुढे ‘तालुके’ किंवा ‘परगणे’ आहे का ते बघायला सांगा. मोडीत ते बहुतेक आखूड करून लिहितात, ‘ता॥’, ‘प॥’ असं दोन उभ्या दांड्या देऊन, आणि घाईत वाचणारा ते सोडून देतो. शेवटी साक्षीदारांची नावं असतील, तीही उतरवून घ्या. साक्षीदार बहुधा आसपासचेच असतात. त्यांच्या नावापुढचं गाव प्रवरेकाठचं निघालं तर काम झालंच.

खंडोबाबद्दल सासऱ्यांना विचारा, कुठला खंडोबा? नुसता खंडोबा अर्ध्या महाराष्ट्राचा. जेजुरीचा, मालेगावजवळच्या चंदनपुरीचा, की पारनेरच्या कोरठणचा? तळी कुणाच्या नावाने उचलता, लग्नानंतर जोडपं कुठे नेता? त्याहून बारीक खूण जागरण-गोंधळात सापडते. गोंधळी देवांना बोलावताना एकेका गावाचं नाव घेऊन बोलावतो आणि मोठ्या देवांच्या मागोमाग घराण्याच्या जुन्या गावचं ग्रामदैवत, एखादा म्हसोबा, एखादी मरीआई, हळूच येऊन जाते. घरच्यांना तो देव कुठला ते ठाऊक नसतं, पण त्याचा विडा मांडायला कुणी विसरत नाही. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, कुणाकुणाचे विडे मांडतात? पुरुषांना हे माहीत नसतं, उगाच त्यांचा वेळ घेऊ नका. देवघरातले टाकही एकदा उतरवून पाहा. सोनाराच्या घरचे टाक घरातच घडवलेले असायचे, ओळखीचा नसलेला एखादा देव त्यांत निघाला तर मला फोटो पाठवा.

कागदपत्रांसाठी मी तुम्हाला ओझरला नाही, संगमनेरला पाठवीन. कारण वर सांगितलं तेच, ओझरकर हे नाव ओझरात उमटणार नाही, ते उमटलं असेल संगमनेरात. आजेसासरे शाळेत गेले असतील तर शाळेचं जुनं जनरल रजिस्टर. तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी जातीसकट असतात. २०२३ मध्ये न्या. शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधल्या गेल्या तेव्हा ही बाडं फडक्यांतून बाहेर आली. एरवी ‘रेकॉर्ड जीर्ण आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नसे. सातबाऱ्याच्या मागे फार लागू नका, सोनाराच्या नावावर शेती असतेच असं नाही. संगमनेरात घर किंवा दुकानाची जागा होती का ते विचारा. असेल तर नगर भूमापनची चौकशी नोंदवही काढा. मिळकत कुणाकडून, कशी आली याचा दोन-तीन ओळींचा मजकूर त्यात असतो आणि त्या दोन-तीन ओळींत कधी कधी तीन पिढ्या सापडतात. सगळीकडे ओझरकर आणि पोतदार अशी दोन्ही नावं शोधा.

आणि हे सगळं करण्याआधी पंचवटीत जाऊन या. आपल्या दारात गंगा, म्हणजे गोदावरी, असून नाशिककर तिथल्या वंशावळीच्या वह्या बघत नाहीत, बाहेरगावचे येऊन बघून जातात. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या गाव आणि जात यांवरून लावलेल्या असतात, त्यामुळे ‘ओझरकरांची वही कुणाकडे’ असं विचारून उपयोग नाही. ‘संगमनेरचे सोनार कुणाकडे येतात’ असं विचारा. एकाने नाही म्हटलं तर तोच दुसऱ्याचं घर दाखवतो. अस्थी घेऊन किंवा सिंहस्थात कुणी आलं असेल तर त्याने स्वतः सांगितलेलं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं नाव आणि मूळ गाव तिथे असतं, खाली सही किंवा निशाणी. जाताना वंशावळ कागदावर लिहून न्या, दक्षिणा आधी ठरवायला लाजू नका आणि पुढची, म्हणजे तुमच्या मुलांची, नोंद करून या. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी सुरू झाली की उपाध्यांना मान वर करायला फुरसत मिळणार नाही, त्याआधी जा.

इतर ओझरकर कुठे कुठे आहेत तेही तुम्हाला हवं असेल, म्हणून एक सोपी युक्ती. समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिका जमवा, लाड सुवर्णकारांच्या, अहिर सुवर्णकारांच्या, तुमची जी शाखा असेल तिच्या. त्यांत आडनावासोबत मूळ गाव आणि मामाचं कूळ छापलेलं असतं. मतदार यादीपेक्षा आडनावाचा हा नकाशा कितीतरी खरा. दुसऱ्या जातीतला ओझरकर भेटला तर तो तुमचा भाऊबंद नव्हे, त्याच्याही पूर्वजाने कुठलं तरी ओझर सोडलं एवढंच. आपल्याच जातीतला असेल तर एकच विचारा, सुतक धरता का? दोन्ही घरं एकमेकांचं सुतक पाळत असतील तर भाऊकी पक्की.

माझं मत विचाराल तर प्रवरेकाठचं ओझर. बाणगंगेचा माणूस नाशिक हाकेवर असताना संगमनेरला जाऊन राहील आणि त्याचा नातू परत नाशकात येईल, असं होतंही, पण ते मानायला कारण लागतं. ते कारण कागदात ‘ता॥’च्या पुढे सापडलं तर मी सासऱ्यांच्या बाजूने.

प्रश्न : तात्या टोपे आमच्या येवल्याचे. मग ते येवलेकर का नाहीत?
— येवला

उत्तर : घराण्याचं आडनाव येवलेकर असंच पुष्कळ ठिकाणी दिलेलं आढळतं, आणि वरचाच न्याय लावा. जन्म येवल्याचा, १८१४ चा. १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि त्याला ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला पाठवलं. त्याच्या मागोमाग तात्यांचे वडील पांडुरंगपंत कुटुंबासह तिकडे गेले. गंगेकाठी बसलेल्या मराठी घराला येवलेकर म्हणायला आसपास मराठी माणसंच हवीत. ‘टोपे’ मागाहून चिकटलं. कुणी ते बाजीरावाने दिलेल्या टोपीशी जोडतं, कुणी तोफेशी. मला दरबारातली टोपी जास्त पटते. तोफेची गोष्ट सत्तावनच्या पराक्रमानंतर मागे नेऊन लावल्यासारखी वाटते. १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत फाशी झाली तेव्हा इंग्रजांच्या दप्तरातही तेच नाव होतं.

प्रश्न : सुरगाण्यात आमच्याकडे गावित, भोये, चौधरी, महाले अशीच आडनावं. ‘कर’ का नाही?
— सुरगाणा

उत्तर : तुमची ही कुळांची नावं आहेत. माणूस कुठेही गेला तरी कूळ सोबत जातं, सोयरीक जुळवताना तेच पाहतात, त्यामुळे गावाच्या नावाची गरज पडली नाही. म्हणूनच भोये, गावित, चौधरी सुरगाणा-पेठ-कळवणात आहेत तसेच घाट उतरून गुजरातच्या डांगातही आहेत. राज्याची हद्द १९६० ची, कुळं त्याच्या कितीतरी आधीची. फक्त एक सांभाळा. नंदुरबारकडेही गावित भरपूर, पण त्यातले पुष्कळ मावची, म्हणजे वेगळ्या जमातीचे. आडनाव जुळलं म्हणून तुम्ही कोकणा जमातीच्या लोकांनी त्यांना लगेच आपल्या कुळात घेऊ नये. आधी देव विचारा, मग बोली ऐका.