21 दिवस फक्त पाण्यावर उपास-प्रार्थना करायची आहे. वय 34, कुठला आजार नाही. धोका आहे का?

आहे. माझ्या बाबांनाही कुठला आजार नव्हता.

अजनीला राहतो आम्ही. बाबा रेल्वेतून रिटायर, ना शुगर ना बीपी. काकांच्या प्रार्थना-गटाबरोबर त्यांनी ईस्टरआधीचे 12 दिवस नुसत्या पाण्यावर काढले, तेही नागपूरच्या एप्रिलात. उपासात फार काही झालं नाही, हे मुद्दाम सांगतो. ईस्टरला चर्चमधून आले आणि पुलाव, केक, वरून आमरस. आम्हीच आग्रह करकरून वाढलं, ते अजून मनाला लागून आहे. तिसऱ्या दिवशी पाय सुजले, धाप लागली, मला धाकट्याच्या नावानं हाक मारायला लागले. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "किती दिवस उपाशी होते?" फॉस्फरस अगदी तळाला गेलं होतं.

याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. उपाशी शरीरात भात-साखर एकदम गेली की इन्सुलिन वाढतं, आणि रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशी ओढून घेतात. हृदयाचे ठोके बिघडतात. बी-1 जीवनसत्त्व संपलं की मेंदूवर येतं. दुसऱ्या महायुद्धात सुटका झालेले उपाशी कैदी पोटभर जेवल्यावर दगावले ते असेच.

काका आजही म्हणतात, "विश्वास कमी पडला त्याचा." बाबा म्हणजे रोज पहाटे चारला प्रार्थनेला गुडघ्यांवर बसणारा माणूस आहे! बायबलात पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, तेव्हा तीमथ्याचा विश्वास कमी होता का? कॅथलिक चर्चसुद्धा उपवास सांगतं तो राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, दोनच दिवस, 18 ते 59 वयाला, आणि त्यातही एक पूर्ण जेवण चालतं. 21 दिवस पाण्यावर राहा असं तुम्हाला सांगितलं कोणी?

मी डॉक्टर नाही. एक वेळ जेवून केलेल्या उपासाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पाच दिवसांच्या वर पोटात काही गेलं नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास सोडू नका, आणि सोडताना अगदी थोडं थोडं खा. शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, गरोदर बायांनी तर असा पाण्यावरचा उपास करूच नये.

काकांनी यंदा पुन्हा नावं घेतली. यादीत बाबांचं होतं. मी जाऊन खोडून आलो.