हृदयाची बायोप्सी मनगटातल्या धमनीतून करता येते का?

हो, येते, पण तुकडा हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून हवा असेल तरच. उजव्या कप्प्याची वाट शिरेतून जाते, म्हणून तिथली बायोप्सी बहुधा मानेच्या किंवा जांघेतल्या शिरेतून होते; प्रत्यारोपणानंतरच्या नेहमीच्या बायोप्स्याही तशाच. डावीकडे मात्र धमनीतून जाणं सोपं. मनगट बधिर करून बारीक नळी महाधमनीतून, तिची झडप ओलांडून आत नेतात आणि बायोप्टोमच्या (तुकडा तोडणाऱ्या चिमट्याच्या) इवल्याशा जबड्याने १-२ मिलिमीटरचे चार-पाच तुकडे घेतात. (त्या वेळी सहसा दुखत नाही, फार तर आत ओढल्यासारखं वाटतं.) जांघेपेक्षा मनगट बरं, कारण तिथली धमनी कातडीलगत, हाडावर असते, पट्टा आवळला की रक्त थांबतं आणि पेशंटला तासन्‌तास पाय सरळ ठेवून पडावं लागत नाही. हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिलेलं असतं, त्यामुळे हा फायदा किरकोळ नाही. मात्र कमी होतो तो फक्त टोचल्या जागेचा धोका. हृदयाला भोक पडणं, गुठळी सुटून पक्षाघात होणं हे दुर्मीळ पण गंभीर धोके तसेच राहतात. डाव्या कप्प्यात आधीच गुठळी असेल किंवा महाधमनीची झडप धातूची असेल, तर या वाटेने जात नाहीत.