डिसेंबरच्या सुट्टीत एकटीने क्रूझवर जावं का?

तुम्ही विचारलंय की मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर बाई एकटी गेली तर सुरक्षित असतं का, कंटाळा येतो का, आणि एकट्या माणसाला दुप्पट भाडं पडतं हे खरं का. या तीन प्रश्नांसाठी मी लिहायला बसले नसते. पण खाली तुम्ही घातलंय, 'घरचे म्हणतात, दुप्पट भरायचेच आहेत तर कोणाला तरी बरोबर ने', आणि ते वाचून बसवेना.

आधी हिशोब, कारण माझी सगळी नोकरी बँकेत झाली. भाडं माणशी छापलेलं असतं ते एका केबिनमध्ये दोघं धरून. तुम्ही एकट्या गेलात की रिकाम्या पलंगाचं भाडंही तुमच्याच माथी. गर्दी नसते त्या महिन्यांत कधी थोडी सूट मिळते, नाताळच्या आठवड्यात ती विसरा. पण बिल अगदी दुप्पट व्हायला नको. बंदराचे चार्जेस आणि बोटीवरचा सर्व्हिस चार्ज सहसा माणसागणिक असतो. जे माणूस चढलंच नाही त्याचे ते आपण का भरायचे? आमच्या एजंटाने आकडा सरळ दोनने गुणून पाठवला होता. प्रत्येक रक्कम सुटी लिहून मागितल्यावर आपोआप कमी झाली. परदेशात काही बोटींवर एकट्यांसाठी खास लहान केबिन असतात. 'नॉर्वेजियन एपिक' ही बोट २०१० साली आली ती अशा १२८ केबिन घेऊनच. मुंबईहून जाताना तसली आशा धरू नका, पलंगाचे पैसे भरा.

आता बरोबर कोणाला न्यायचं, याबद्दल.

बडोद्यात डिसेंबर म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सगळीकडची मंडळी एकदम उतरतात. लग्नं, मुंजी, दातांची कामं, नवे चष्मे, सगळं त्याच महिन्यात. मुलांना लक्ष्मी विलास पॅलेस दाखवायचा, केवडियाचा पुतळा दाखवायचा, मंगळ बाजारात चनियाचोळीचा भाव करायला गुजराती बोलणारं कोणी हवं, कोणाच्या तरी सासूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. आमच्या घरी या सगळ्याला एकच उत्तर होतं: आत्या, म्हणजे मी. आत्याने लग्न केलेलं नाही, आत्याला पेन्शन आहे, आत्या मोकळीच आहे. उत्तरायणाला पतंग उडवून मंडळी परत गेली की चादरी धुवायलाही आत्याच.

तर एका दिवाळीत फराळाला सगळे बसलेले असताना मी सांगितलं की नाताळात मी इथे नाही, बोटीने गोव्याला जाणार आहे. दादाने हातातली चकली खाली ठेवली.

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही."

मग त्याने थेट रामदास बोट काढली. आमच्या आजोळची कोकणातली माणसं बोटीने यायची-जायची, त्यामुळे रामदासची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ: भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. मी म्हटलं, दादा, ती तारीख १७ जुलै १९४७, भर पावसाळा. मी डिसेंबरात चालले आहे. पावसाळा सोडला तर हिवाळ्यात अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, मुंबईच्या क्रूझचा सीझन असतो तोच मुळी पावसाळा संपल्यावर. तर म्हणाला, आपल्याकडच्या बायका अशा एकट्या समुद्रावर जात नाहीत. मी म्हटलं, आनंदीबाई जोशी १८८३ साली गेल्या, कलकत्त्याहून थेट अमेरिकेला, अठराव्या वर्षी. नवरा मागे राहिला होता. (बरोबर मिशनरी बायका होत्या, पण ते मी त्याला सांगितलं नाही. त्याने वाचायला हवं होतं.)

तेव्हा दादाचा सूर बदलला. किती पडणार, विचारलं. मी सांगितलं. दोघांचे पैसे भरतेयस म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला अजून दिसते. "मग हिच्या आईंना ने ना! बेड तसाही फुकट जातोय."

वहिनीच्या आईंचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. चालताना हात धरावा लागतो, रात्री उठवून दोनदा गोळी द्यावी लागते. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, गोड बाई. पण बघा, गंमत कशी आहे. मी घरी थांबले तर पाहुण्यांचं करायचं, आणि बाहेर गेले तर माझ्याच पैशाने, माझ्याच सुट्टीत आजींचं करायचं. वर त्याला नाव काय, तर मला सोबत! मी म्हटलं, तो बेड फुकट जात नाहीये. तो मी विकत घेतलाय, रिकामा.

यावर वहिनी चिडली, दादा चिडला, पुतण्या मोबाइलमध्ये शिरला. आजपर्यंत आमच्याकडे आल्या-गेल्याला 'हिने रिकाम्या पलंगाचं तिकीट काढलं होतं' ही गोष्ट चहाबरोबर ऐकवली जाते.

बरं, बोट. मुंबई बंदरातल्या बॅलार्ड पियर धक्क्यावर दुपारी चढायचं. मोठी बॅग बिल्ला लावून आधीच घेतात आणि ती केबिनशी पोचायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, ओळखपत्र आणि एक साडी किंवा ड्रेस हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री नेऊ नका, काढून घेतात. सुटायच्या आधी सगळ्यांना जमवून धोक्याचा भोंगा ओळखायला शिकवतात: सात तोकडे आणि एक लांब. तिथे यादी हातात घेतलेला मुलगा माझ्या नावापुढे खूण करून विचारतो, "मॅम, सेकंड गेस्ट?" सेकंड गेस्ट नाही म्हटलं. त्याने यादी पुन्हा पाहिली, माझ्या मागेही पाहिलं, आणि सुपरवायझरला हाक मारली. केबिनमध्येही तेच. रोज दोन उशा, दोन टॉवेल, दोन ग्लास पुसून पालथे ठेवलेले. दुसऱ्या पलंगावर मी साड्या पसरल्या, शब्दकोडी पसरली, ओला टॉवेलसुद्धा टाकला. पैसे भरले होते.

जेवायला मला सुरतच्या एका मोठ्या कुटुंबाच्या टेबलावर बसवलं. गुजराती येतं म्हटल्यावर मी त्यांचीच झाले. मोठ्या मासींनी खाखऱ्याचं पाकीट पुढे केलं, कुठल्या, काय करता, सगळं विचारून झालं. बरोबरचे पुरुष बारकडे निघून गेले होते. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे आमच्याकडची मंडळी बोटीवर चढली की किनारा सुटायच्या आधी बारचा रस्ता विचारतात. गोड खाऊन झाल्यावर मासी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बेन, आम्ही सगळे शोला जातोय. नातू झोपलाय, तासभर केबिनमध्ये बसाल का? तुम्ही तर मोकळ्याच आहात."

अरबी समुद्रात! किनारा दिसत नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि तिथेही मी मोकळीच.

मी म्हटलं, "नाही जमणार मासी, मलाही जायचंय." शोला मला मुळीच जायचं नव्हतं. वर डेकवर गेले, कठड्याशी खुर्ची ओढली आणि मफलर गुंडाळून बसले. वारा इतका की केस डोळ्यांत. खाली बोटीच्या अंगाला फेस फुटत होता, त्यावर डेकच्या दिव्यांचा पिवळा पट्टा, आणि पट्ट्याबाहेर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आत कोणीतरी हिंदी गाणी बेसूर म्हणत होतं. मला कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मासी नेहमीसारख्याच बोलल्या, खाखराही दिला. नाही म्हटल्याने कोणी मरत नाही, हे दादाला सांगून उपयोग नाही, पण तुम्हाला सांगते.

तुमचा कंटाळ्याचा प्रश्न राहिला. ज्यांना सारखं कोणी बोलायला लागतं त्यांना येईल. मला नाही आला. सुरक्षिततेचं म्हणाल तर चढताना-उतरताना प्रत्येकाचं कार्ड स्कॅन होतं, कोण आत आणि कोण बाहेर याची नोंद असते. केबिनचा नंबर गप्पांच्या भरात सांगू नका, रात्री आतून कडी लावा. बाकी तुम्हाला कळतंच.

एक-दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता. बोट लागत असेल तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या, तिथे हेलकावा कमी जाणवतो. डॉक्टरांना विचारून गोळी निघायच्या आधी घ्या, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. बोटीवर डॉक्टर असतो, पण फुकट नसतो. आतली केबिन स्वस्त पडते, पण खिडकी नाही, दिवा घालवला की भर दुपारी मध्यरात्र. बाल्कनीची घेणार असाल तर लक्षात ठेवा: गोव्याकडे जाताना सूर्य उजव्या अंगाला मावळतो, येताना डाव्या. लक्षद्वीपला जाणार असाल तर परमिट लागतं, आणि मोठी बोट बेटाला लागत नाही. लहान बोटीत उतरावं लागतं; समुद्र खवळला तर उतरणं रद्द, आणि त्याबद्दल भांडून फायदा नाही. गुडघे दुखत असतील तर त्या उतरण्याचा आधी विचार करा. ३१ डिसेंबरची फेरी टाळा, शांतता हवी असेल तर. तुम्ही तिशीतल्या असाल आणि नाचायची हौस असेल तर तीच घ्या, मला काय.

बडोद्याहून किंवा तिकडून कुठूनही येत असाल तर आदल्या दिवशी मुंबई गाठा. त्याच दिवशी यायचंच असेल तर दिल्लीकडून येणारी गाडी घेऊ नका. डिसेंबरात उत्तरेत धुकं पडलं की त्या तासन्‌तास लेट असतात, आणि बोट कोणासाठी थांबत नाही.

घरच्यांना मात्र तारखा पैसे भरून झाल्यावरच सांगा. आणि एजंटाला बजावून ठेवा की दुसरं नाव घालायला घरून कोणाचा फोन आला तर आधी मला विचारायचं. मी बजावलं होतं. फोन आला होता.