टोपीला सवलत, पल्ल्याला का नाही?

प्रश्न: प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसने रीतीतल्या टोपीऐवजी रेशमी टोपी चालवून घेतली. मग झग्याचा पल्ला डावीकडे बंद करण्याचं त्याला एवढं वावडं का?

उत्तर: आधी टोपी. रीतीप्रमाणे ती हेम्पची, म्हणजे भांगेच्या झाडाच्या सालीतल्या धाग्याची. भाष्यकारांच्या हिशेबाने तिचं कापड 30 ‘शंग’चं, म्हणजे जेमतेम अर्ध्या मीटरच्या पन्ह्यात ताण्याचे 2400 धागे! एवढा बारीक हेम्प विणायचा तर कष्ट अफाट. रेशीम त्या मानाने परवडायचं. यात काटकसर आहे, मी चारचौघांसारखं करतो, असं तो म्हणतो. पण लगेच पुढचं उदाहरण बघा. राजाला नमस्कार पायऱ्यांखालून करायचा, तो लोक वर चढून करू लागले होते. ही मगरुरी आहे, मी खालूनच करणार, असं तो बजावतो. बदल कशापोटी झाला, हे तो तपासतो.

पल्ल्याचं प्रकरण वेगळं. ‘लुन-यू’ या त्याच्या वचनांच्या संग्रहाच्या 14 व्या भागात तो म्हणतो, ग्वान चुंग नसता तर आपण केस मोकळे सोडून, पल्ला डावीकडे बांधून फिरलो असतो. ग्वान चुंग हा छी राज्याचा मंत्री (मृत्यू इ.स.पू. 645), बाहेरच्या टोळ्यांपुढे राज्यांची मोट बांधणारा. डावीकडे बांधलेला पल्ला म्हणजे त्या टोळ्यांचा वेश. शिवाय ‘ली-ची’ या रीतींच्या जुन्या ग्रंथानुसार प्रेताची वस्त्रं डावीकडे बंद करतात आणि सुरगाठ न मारता निरगाठ मारतात. ती पुन्हा सोडायची नसते.

रीतीचा पल्ला उजवीकडे बंद होतो. चित्रात तो ओळखताना फसगत होते, कारण ‘उजवा’ म्हणजे अंगावर घालणाऱ्याचा उजवा. डावा पल्ला वर येऊन उजव्या काखेखाली बांधलेला हवा. समोरून गळा इंग्रजी छोट्या ‘वाय’सारखा दिसतो. फोटो उलटा छापला गेला की जिवंत माणसाला प्रेताचा वेश चढतो, म्हणून आधी चित्रातली अक्षरं सुलटी आहेत का ते बघा.

प्रश्न: प्राचीन चिनी रीतीत सुतकाच्या कपड्याचे काठ उसवलेले का दिसतात?

उत्तर: उसवलेले नाहीत, मुळात शिवलेलेच नसतात. वडिलांसाठीचं हे सर्वांत कडक सुतक: कापड 3 शंगचं, म्हणजे तेवढ्याच पन्ह्यात 240 धागे. म्हणायला तीन वर्षं. प्रत्यक्षात कुणी 25 महिने मोजतं, कुणी 27. त्याखालच्या पायरीला काठ दुमडून शिवतात. नातं जसं लांबचं, तसं कापड बारीक होत जातं आणि मुदत 9, 5, 3 महिन्यांवर येते.