हाताने केलेली लाकडी होडी मुंबईहून समुद्रात सोडली, तर लांब जाईल का?

जाईल, पण गिरगाव चौपाटीवरून नाही. ओहोटीने बाहेर नेलेली वस्तू सहा तासांनी भरती आत आणते, उरलेलं काम लाटा करतात. ससून डॉक किंवा वर्सोव्याच्या एखाद्या तांडेलाला (मासेमारी बोटीच्या प्रमुखाला) विनंती करा आणि ३०-४० किलोमीटर बाहेर सोडायला सांगा.

नारळी पौर्णिमेचा मोह टाळा. तेव्हा वारा नैऋत्येचा, म्हणजे होडी सरळ किनाऱ्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत खोल समुद्रात ईशान्येचा वारा असतो. तरंगती वस्तू साधारण वाऱ्याच्या ३ टक्के वेगाने सरकते: सेकंदाला ५ मीटर वारा धरला, तर दिवसाला सुमारे १३ किलोमीटर. ओमान दीड हजार किलोमीटरवर, म्हणजे चार महिने, आणि जूनमध्ये वारा फिरतोच. त्यामुळे सोडायला उशीर नको. फार जवळ सोडलीत तर हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा उत्तरेकडचा प्रवाह तिला डहाणू-दमणकडे नेण्याचीच शक्यता जास्त.

होडी पोकळ करू नका. पोकळ होडीत पाणी शिरलं की संपलं; भरीव लाकूड उलटेल, पण बुडणार नाही. ३० × १० × ६ सेंटिमीटरचा पाइनचा ठोकळा घ्या. तासून झाल्यावर साधारण १,००० घनसेंटिमीटर लाकूड उरतं, वजन ५०० ग्रॅमच्या आसपास. तळाला लांब खाच पाडून २०० ते २५० ग्रॅम शिसं इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या राळेने) बसवा (कोळी जाळ्याला लावतात तेही चालतं). एवढ्याने एक चतुर्थांश भाग पाण्यावर राहतो आणि तो राहायलाच हवा, कारण महिन्याभरात तळाला बार्नेकल (कवच असलेले छोटे समुद्री जीव) चिकटून वजन वाढतं. बादलीत आडवी पाडून बघा; आपोआप सरळ होत नसेल, तर शिसं आणखी खाली हवं. लोखंडी खिळा कुठेही नको, गंजाने लाकूड फाटतं.

लाकूड पूर्ण सुकलेलं हवं, नाहीतर लेप सुटतो आणि समुद्रातले पोखरणारे किडे आत शिरतात. इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या, तळाला बोटींचा अँटीफाउलिंग रंग, म्हणजे असे जीव सहसा चिकटू न देणारा. डोलकाठी-शीड हौसेपुरतंच, पहिल्या वादळात मोडेल. थर्माकोल अजिबात नको.

सॅटेलाइट ट्रॅकरला परवान्याची भानगड आहे, सिमवालं जीपीएस किनारा सुटला की गप्प. त्यापेक्षा ईमेल आणि ‘फोटो पाठवा, परत पाण्यात सोडा’ हे मराठी, गुजराती, अरबी, इंग्रजीत तापल्या तारेने कोरा, लेप देण्याआधी. मार्करची शाई उन्हात टिकत नाही.